सोलापूर ते हिमाचलातलं तीर्थन: डोंगरातल्या नदीवर फ्लाय फिशिंग आणि तंबूचा मुक्काम, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं मित्र गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या तोंडाला हिमाचलला जातो, ट्राउट मासा गळाला लावायला आणि नदीकाठी तंबू टाकून राहायला. सोलापुरात हे सांगितलं की प्रश्नांवर प्रश्न येतात, आणि बहुतेक तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. यातली निम्मी ट्रिप इथं सोलापुरातच होते असं माझं ठाम मत आहे, तयारी न करता गेलेली माणसं तिकडं चार दिवस झाडात अडकलेला दोरा सोडवत बसलेली मी बघितलीत.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमकं काय? आपल्या गळात आणि यात फरक काय?

आपल्याकडं काठीला दोरा, दोऱ्याला शिसं, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि मग काठावर वाट बघत बसायचं. तिथं शिशाच्या वजनानं गळ लांब जातो. फ्लायला वजनच नसतं, पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून बारक्या गळावर केलेला तो नकली किडा, नुस्ता हातानं फेकला तर पायाशीच पडेल. म्हणून इथं वजन लाईनीत असतं. ५ वेटची (वेट म्हणजे लाईनीच्या वजनाचा नंबर) जी लाईन मिळते तिची पुढची ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आणि रॉडनं ही लाईन आधी मागं उलगडायची, क्षणभर थांबायचं, मग पुढं उलगडायची, लाईनीच्या मागोमाग किडा जाऊन पाण्यावर अलगद टेकतो. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून ज्यानं गोफण फिरवलीय त्याला हे लवकर जमतं, कारण दोन्हीकडं ताकदीचं काम नाही, सुटायची वेळ साधायचं काम आहे.

मग एवढ्या लांब कशाला? उजनीत मासे कमी आहेत का?

उजनीत मासे भरपूर आहेत, चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम, आणि भिगवण-टेंभुर्णीच्या हॉटेलांत ताटात येतात ते कुणाला सांगायला नको. पण ट्राउट गार पाण्याचा मासा आहे. साधारण १० ते १६ अंशांच्या पाण्यात तो खूश असतो, २० च्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. कारण ऑक्सिजन. १५ अंशाच्या पाण्यात लिटरमागं १० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, तेच पाणी ३० अंशाला गेलं की साडेसातवर येतो. आपली तळी उन्हाळ्यात कुठवर तापतात ते सगळ्यांनाच माहितीय. बर्फाचं वितळलेलं पाणी दगडांवर आपटत, फेसाळत खाली येतं तिथंच हा मासा टिकतो.

हा मासा मूळचा हिमालयातलाच का?

नाही. ब्राऊन ट्राउट युरोपातला. इंग्रजांच्या काळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची अंडी आधी काश्मीरमध्ये आणली, आणि मग १९०९ च्या सुमारास कुल्लू खोऱ्यात ब्यास नदीच्या काठी हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं करायचं केंद्र, काढली, तिथून तो बाकीच्या नद्यांत गेला. तिथला मूळचा मासा म्हणजे असेला, त्याला स्नो ट्राउटपण म्हणतात, पण तो खरा ट्राउट नव्हे, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. तो लागला तर मी कायम सोडून देतो, घरचा मासा आहे तो, आणि बाहेरून आलेल्यानं आधीच त्याची जागा खाल्लीय.

नेमकं कुठं जायचं?

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे झाकून तीर्थन खोरं सांगतो. कुल्लू जिल्ह्यात, बंजार तालुका, गुशैणी आणि नागिणीच्या आसपास. ही नदी लारजीला ब्यासला मिळते. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या कुशीतून येते म्हणून पाणी काचेसारखं, आणि हा पार्क २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. या नदीवर वीजप्रकल्प होऊ नयेत म्हणून तिथल्या लोकांनी मोठा लढा दिला, बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब त्यात पुढं होते, आणि प्रकल्प रद्द झाले म्हणूनच आज आपल्याला तिथं वाहती नदी दिसते. आपण भीमेच्या काठची माणसं, नदी अडवली की खाली काय होतं ते बघत मोठे झालोत, म्हणून मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

दुसरी जागा मंडी जिल्ह्यातलं बरोट, उहल नदी, तिथं सरकारी ट्राउट फार्मपण आहे. शांत गाव आहे, पण पोचायला जास्त वेळ जातो.

कधी जायचं? मुलांच्या सुट्टीत जमेल का?

इथंच सगळ्यात जास्त लोक चुकतात, आणि पहिल्या वर्षी आम्हीपण चुकलो. सोलापुरात ४३ अंश झालं, अंगाची लाही लाही झाली, चला आता गारव्याला, म्हणून जूनच्या मध्यावर गेलो. तिकडं वरचा बर्फ जोरात वितळत होता, नदी दुधाळ आणि फुगलेली, मध्ये पाय ठेवायची सोय नाही आणि चार दिवसांत चौघांत मिळून एक मासा नाही. गढूळ पाण्यात ट्राउटला किडा दिसतच नाही, आणि दिसला तरी तेवढ्या वेगात तो बाहेर येत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिमाचलात ट्राउटची मासेमारी कायद्यानं बंद असते, कारण थंडीत मासा खडीत अंडी घालतो. १ मार्चला उघडते. मार्चमध्ये पाणी लई गार आणि कमी असतं. माझ्या मते एप्रिल हा सगळ्यात चांगला महिना, मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतं. जुलै-ऑगस्टचं नावच काढू नका, त्या भागात ढगफुटी आणि दरडींनी दरवर्षी नुकसान होतंय. पुन्हा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, पाणी उतरतं, निवळतं, मासापण थंडीच्या आधी भरपूर खाऊन घेत असतो.

म्हणजे मुलांची परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलच्या शेवटी निघालात तर जमतं. दिवाळीच्या सुट्टीचा विचार करणाऱ्यांनी आधी तारीख बघा, सुट्टी नोव्हेंबरात गेली तर मासेमारी बंद असणार. आणि दसऱ्याला जाणार असाल तर लक्षात ठेवा, आपला दसरा संपतो त्या दिवशी कुल्लूचा सुरू होतो आणि आठवडाभर चालतो, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

सोलापूरवरून जायचं कसं?

कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरवरून थेट नवी दिल्लीला जाते, एक दिवस-रात्र आणि वर थोडे तास धरा. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच काढा. दिल्लीत काश्मिरी गेटच्या बसस्टँडवरून संध्याकाळी मनालीकडं जाणाऱ्या बस सुटतात, त्यात बसून औटला उतरायचं. औटचा मोठा बोगदा लागतो, बंजारचा रस्ता त्या बोगद्याच्या अलीकडून फुटतो. हे कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा आणि पहाटे स्वतः जागं राहा, आम्हाला एकदा बोगदा ओलांडून पलीकडं उतरवलं होतं, पहाटेच्या अंधारात पाठीवर सगळं ओझं घेऊन जीप शोधत बसलो. औटवरून बंजार, बंजारवरून गुशैणी, लोकल बस आणि शेअर जीप मिळतात.

गॅसचा डबा ट्रेनमध्ये नेऊ नका, ज्वालाग्राही वस्तूला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. गॅस तिकडं पोचल्यावर बघायचा.

लायसन लागतं का?

लागतं. हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना, दिवसाच्या हिशोबानं आणि प्रत्येक माणसाचा वेगळा. होमस्टेवाल्याला आधी फोन करून ठेवला की तो कुठून काढायचा ते नीट सांगतो. परवान्यावर किती मासे ठेवता येतात आणि किमान किती लांबीचा ठेवता येतो ते लिहिलेलं असतं, ते वाचा आणि कागद खिशात ठेवा, विभागाचे वॉचर, म्हणजे राखणदार, नदीवर येऊन बघतात. नॅशनल पार्कच्या हद्दीत जायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा. मासेमारी बाहेरच्या पट्ट्यातच करायची. आणि काही डोह देवाचे मानलेले असतात, जोगिंदरनगरजवळच्या मच्छियालला तर माशांना लोक खायला घालतात. गावात आधी विचारा, "भाईजी, यहाँ चलेगा क्या," एवढं पुरतं.

सामान काय घ्यायचं? किती खर्च येतो?

रॉड साडेआठ ते नऊ फुटाचा, ४ किंवा ५ वेटचा, चार तुकड्यांत सुटा होणारा म्हणजे ट्रेनमध्ये त्रास नाही. लाईन फ्लोटिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, आणि वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या टोकाकडं वजन असलेली. लाईनीच्या पुढं निमुळता होत जाणारा नऊ फुटी दोरा, म्हणजे लीडर, त्याच्या टोकाला फ्लाय बांधायचा बारीक दोरा, म्हणजे टिपेट, ४ एक्स किंवा ५ एक्स. हा आकडा वाढला की दोरा बारीक होतो हे ध्यानात ठेवा, दुकानात बरेच जण उलटं समजतात. ५ एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटर, केसाच्या साधारण दुप्पट जाड.

सुरुवातीचा सेट दहा हजारांच्या आत बसतो. एकाच ट्रिपला जायचं असेल तर घेऊच नका, तीर्थनला बऱ्याच होमस्टेत रॉड भाड्यानं मिळतो. त्याऐवजी पैसे दोन गोष्टींवर घाला. एक पोलराइज्ड गॉगल, त्याशिवाय पाण्यावरची चमक जात नाही आणि खालचा मासा दिसत नाही, शिवाय मागून येणाऱ्या गळापासून डोळा वाचतो. दुसरं, न घसरणारे बूट. शेवाळलेल्या गोल दगडावर आपले रोजचे स्पोर्ट शूज साबणासारखे सटकतात.

फेकायची प्रॅक्टिस सोलापुरात कुठं करायची?

पाणी लागतच नाही, हे आधी डोक्यात घ्या. रब्बीची ज्वारी काढून झाली की रानं मोकळी होतात, त्याच्यासारखी जागा नाही, मागं झाड नाही, तार नाही. गावात रान नसेल तर सकाळी लवकर कुठलंही मोकळं मैदान. फ्लाय लावू नका, लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा इंचभर तुकडा बांधा, दिसतोपण आणि कुणाच्या कानात घुसतपण नाही.

घड्याळ डोळ्यापुढं आणा. तुम्ही बाजूनं दिसताय, डोकं म्हणजे १२. रॉड पुढं १० पाशी, मागं १ पाशी, यापलीकडं न्यायचा नाही. मागं नेला की थांबायचं. इथंच सगळे घाई करतात. लाईन मागं पूर्ण उलगडायच्या आत पुढं ओढली की आसुडासारखा फाट आवाज येतो, आणि खऱ्या फ्लायला तो आवाज आला म्हणजे टिपेट तुटून किडा गेलाच समजा. मान वळवून मागची लाईन बघा, ती सरळ झाली की खांद्याला हलका ओढा जाणवतो, तोच इशारा. माझ्या मावसभावाला हे कळायला नऊ सकाळी लागल्या, आणि दहाव्या सकाळी त्यानं रानात ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीवर पाचातून तीनदा लोकर टेकवली. ती ताटली वाजलेली मला अजून ऐकू येते.

रोज वीस मिनिटं, तीन आठवडे, बास. आणि रोल कास्ट जरूर शिका, तीर्थनच्या काठी पाठीमागं झाडंच झाडं आहेत, तिथं मागं लाईन न टाकता पुढच्या पुढं गोल लोळवत फेकावी लागते. याला मात्र पाणी लागतं, कारण पाण्यानं लाईन धरून ठेवली तरच रॉड वाकतो. त्यासाठी हिप्परग्याच्या तलावाच्या काठी गेलात तर गळ न लावता करा, आणि मासेच धरायचे असतील तर तलावाचा ठेका कुणाकडं आहे ते विचारून परवानगी घ्या. आपल्या तळ्यांवर कुणाचंतरी पोट चालतं.

कुठली फ्लाय वापरायची? शंभर नावं आहेत.

नावं पाठ करू नका, नदीतला दगड उचला. काठालगतच्या वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उलटा करून बघा, खाली चपटे, तीन शेपट्यांचे किडे पळताना दिसतील, ते मेफ्लायचं पिल्लू. त्याच दगडाला बारीक वाळूचे कण चिकटवून केलेल्या छोट्या नळ्या दिसतील, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यातली एक नखानं अलगद दाबली की आत पिवळट अळी हलते. ती कॅडिस. ट्राउट वर्षभर बहुतेक हेच खातो, आणि तेही पाण्याच्या आत. म्हणून पहिल्या दिवशी निम्फ, म्हणजे पाण्यात बुडणारी अशा पिल्लांसारखी फ्लाय, लावा, फेझंट टेल किंवा हेअर्स इअर, १४ किंवा १६ नंबरचा. इथंपण नंबर वाढला की गळ बारीक. संध्याकाळी पाण्यावर गोल तरंग उठायला लागले की वर तरंगणारी ड्राय फ्लाय, अ‍ॅडम्स नाहीतर एल्क हेअर कॅडिस. दगड जसा होता तसा परत ठेवा.

मासा नदीत नेमका कुठं असतो?

ट्राउट तोंड वरच्या प्रवाहाकडं करून उभा असतो, कारण खाणं तिकडून वाहत येतं. त्याला फुकट ताकद घालवायची नसते, म्हणून मोठ्या दगडाच्या मागं, किंवा जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकांना लागून वाहतं त्या रेघेवर. त्याच्या मागून, म्हणजे खालच्या बाजूनं वर चालत जा, कंबरेत वाकून, सावली पाण्यावर पडू न देता. भडक शर्ट नको. काठावर धपाधप चाललात तर तो हादरा त्याला लगेच कळतो.

मिळालेला मासा खायचा की सोडायचा?

परवान्यात बसतो तेवढा ठेवायचा हक्क आहे, पण मी सोडतो आणि तुम्हालापण तेच सांगेन. ब्राऊन ट्राउट गार पाण्यात सावकाश वाढतो. खायची हौस असेल तर तिकडच्या फार्मवरचा रेनबो ट्राउट मिळतो, होमस्टेवाले मोहरीच्या तेलात छान करून देतात.

सोडायचा असेल तर नीट सोडा. गळाचा काटा आधीच पकडीनं दाबून सपाट करा म्हणजे सहज निघतो. हात पाण्यात भिजवल्याशिवाय माशाला लावू नका, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. पहिला मासा हातात आला तेव्हा मी श्वास घ्यायचा विसरलो होतो, वीतभर लांब, पोट लोण्यासारखं पिवळं, कुशीला लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. त्याला पाण्यातच धरलं, तोंड वरच्या प्रवाहाकडं केलं, कल्ले चार-पाचदा उघडले-मिटले आणि शेपटीचा एक फटका देऊन गेला. फोटो काढायचाच असेल तर आधी मित्राला कॅमेरा तयार ठेवायला सांगा, मासा बाहेर जितका वेळ तुम्ही पाण्याखाली श्वास धरू शकाल त्याच्या निम्मा वेळच.

तंबू कुठं लावायचा? नदीच्या अगदी कडेला चालेल ना?

नाही. फोटोत लई भारी दिसतं, पण नाही. काठावरच्या झाडाझुडपांत अडकलेला वाळका पाला, काटक्या बघा, मागच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. तंबू त्याच्या बराच वर, आणि दरडीच्या उतारापासून लांब. खोऱ्यात वर कुठं पाऊस झाला ते तुम्हाला खाली कळत नाही, आभाळ निळं असतानापण नदी वाढते. पाणी एकदम गढूळलं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, किंवा नदीचा आवाज बदलला, तर रॉड टाकून आधी वर चढा.

तीर्थनवर मोठं धरण नाही, पण ब्यासवर आहे. जून २०१४ मध्ये थलौटजवळ ब्यासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. आपली मुलं तिकडं जातात, म्हणून हे मी प्रत्येकाला सांगतो. ब्यासच्या पात्रात उतरू नका.

आणि जागा कुणाच्यातरी मालकीची असते, सफरचंदाची बाग असते. विचारून, पैसे देऊन लावा.

थंडी किती असते? सोलापुरी चादर पुरेल का?

चादर आपली जगात भारी, पण ती सुती आहे, दवानं ओली झाली की वाळत नाही आणि वजन दुप्पट. एप्रिलमध्येपण रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. शून्य अंशापर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग घ्या, खाली फोमची मॅट टाका कारण खरी थंडी जमिनीतून येते. अंगाला सुती बनियन नको, लोकरीचं नाहीतर पटकन वाळणारं. चादर तंबूच्या बाहेर बसायला न्या, आम्ही नेतो. विरळ हवेचा त्रास गुशैणीच्या उंचीवर सहसा होत नाही, जालोरी पासला जाणार असाल तर तो ३१२० मीटरवर आहे, तिथं सावकाश चाला.

खायला काय न्यायचं?

कडक भाकरी आणि शेंगा चटणी. मोडत नाही, विटत नाही, गॅस लागत नाही. चार दिवस दुपारचं जेवण नदीतल्या दगडावर बसून हेच, आणि तिकडच्या लोकांना दिली की डब्बाच रिकामा होतो. रात्री मुगाची खिचडी. भांडी नदीत घासायची नाहीत, पाणी बादलीत घेऊन साठ-सत्तर पावलं लांब जाऊन धुवा, साबणानं किडे मरतात आणि किडे मेले की मासा गेला. शौचालाही तेवढंच लांब, वीतभर खड्डा करून. कचरा सगळा परत पिशवीत.

पोहता येत नाही, तरी जमेल का?

काठावरून जमतं, निम्मी मजा काठावरूनच आहे. पाण्यात उतरलात तर गुडघ्याच्या वर जाऊ नका, हातात काठी, आणि एक पाय पक्का रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. त्या पाण्यात पडलं की गारठ्यानं आधी श्वास अडकतो, पोहणं नंतरची गोष्ट. एकटं कधीच नाही. लहान मुलांना लाईफ जॅकेट घातल्याशिवाय काठाला नेऊ नका, मग ती कितीही रडू देत.

परत आल्यावर सामानाचं काय करायचं?

त्याच दिवशी तंबू गच्चीवर पसरा. तीन दिवस पिशवीत दमट राहिला तर काळे डाग पडतात आणि वास जात नाही. पण दुपारच्या उन्हात नको, आपलं ऊन त्याचं वरचं कोटिंग खातं, सकाळी सात ते नऊ पुरे. लाईन रिळावरून पूर्ण सोडून कोमट साबणाच्या पाण्यात ओल्या फडक्यातून ओढा, फडकं काळं होईल, ती घाण होती म्हणूनच शेवटच्या दिवशी लाईन बुडत होती. फ्लायची डबी उघडी ठेवून वाळवा नाहीतर गळ गंजतात. रॉडचे तुकडे वेगळे करून कापडी पिशवीत, आणि ती माळ्यावर नको, पत्र्याखाली तर अजिबात नको, मेमध्ये तिथं सगळं भाजतं. कपाटाच्या तळाला आडवं ठेवा.